एका शब्दाची धाव

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी एका अगदी लहान इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे. इंग्रजीत लिहायला त्याला तीन अक्षरं लागतात, मराठीत दोनच पुरतात. शब्द आहे 'रन'. तो कधी कानांवर पडला नाही असा माणूस आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात शोधून सापडायचा नाही. ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही असा गडीसुद्धा पारावर बसून विचारतो, "किती रन झाले रे?" सुतार लाकडी पट्टीचा हिशेब 'रनिंग फुटा'नं करतो. जुनी मोटारसायकल विकायला काढली, की मालक सांगतो, "गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे बरं का!" शब्द असा घरोघर पोचलेला.

आणि तरीही शाळेतल्या मुलाला हाच शब्द फार छळतो. कसा, ते पाहा. मुलाच्या वहीत लिहिलेलं असतं, 'रन म्हणजे पळणे'. ते त्यानं घोकून पाठ केलेलं असतं. एक दिवस धड्यात वाक्य येतं, 'माय नोज इज रनिंग'. गुरुजी अर्थ विचारतात. मूल उठून उभं राहतं आणि सांगतं, "माझं नाक पळत आहे." सगळा वर्ग हसतो. कधीकधी गुरुजींनाही हसू आवरत नाही. मूल खाली बसतं, आणि पुढे कित्येक दिवस इंग्रजीच्या तासाला तोंड म्हणून उघडत नाही.

आता मला सांगा, त्या मुलाचं चुकलं काय? जेवढं हाती दिलं तेवढं त्यानं इमानानं वापरलं. दोष त्या मुलाचा नाही. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द बांधून दिला, की भाषा शिकवून झाली, ही जी आपली जुनी समजूत आहे, तिचा तो दोष आहे. शब्दाचा अर्थ शब्दात एकट्यानं राहत नाही. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संगतीत राहतो. आजच्या भाषणात मला सांगायचं आहे ते एवढंच.

प्रथम या शब्दाचा पसारा किती, ते पाहू. इंग्रजीचा सगळ्यांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश. या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या शब्दाची. त्याच्या क्रियापदाचे ४३० अर्थ तिथं दिले होते आणि ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची झाली होती. म्हणजे एका शब्दासाठी एक लहानसं पुस्तकच! पुढे कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागली, तेव्हा आपल्या या 'रन'नं 'सेट'ला मागं टाकलं. २०११ साली कोशाच्या संपादकांनी सांगितलं, की नुसतं क्रियापद म्हणून 'रन'चे ६४५ अर्थ नोंदवले गेले आहेत. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं. शिकल्यासवरलेल्या, याच कामात मुरलेल्या माणसाला जिथं नऊ महिने लागले, तिथं आपला पाचवीतला मुलगा एका तासात अडखळला तर त्यात नवल ते काय?

हे अर्थ कोशकारांनी मनानं रचलेले नाहीत. ते जमवले कसे, ही हकिगत शिक्षकांनी तरी अवश्य ऐकावी अशी आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं १८५७ साली या कामाचा विचार सुरू केला. १८७९ साली ते जेम्स मरे यांच्याकडे आलं. हे मरे मूळचे स्कॉटलंडमधल्या डेनहोम नावाच्या खेड्यातले. वडील शिंपीकाम करीत. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे स्वतः शिकत शिकत ते शिक्षक झाले, आणि कोशाचं काम हाती घेतलं तेव्हा ते लंडनजवळच्या मिल हिल इथल्या शाळेत शिकवीत होते. तिथं त्यांनी पत्र्याची एक खोली उभारली आणि तीत कोशाचा संसार मांडला.

मरे यांनी वाचकांना आवाहन केलं, की तुम्ही जे पुस्तक वाचाल त्यात एखादा शब्द लक्षात राहण्यासारखा आला, तर कागदाच्या चिठ्ठीवर तो शब्द लिहा, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, पुस्तकाचं नाव आणि साल घाला, आणि चिठ्ठी माझ्याकडे धाडा. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. त्या लावायच्या, निवडायच्या, एकसारख्या अर्थाच्या वाक्यांचा एकेक गठ्ठा करायचा. जेवढे गठ्ठे तेवढे अर्थ. ध्यानात घ्या, शब्दाचा अर्थ काय, हे मरे यांनी वाचकांना विचारलं नाही. त्यांनी मागितलं ते वाक्य. वाक्य हाती आलं, की अर्थ आपोआप बाहेर पडतो, हे त्या शाळामास्तराला पक्कं ठाऊक होतं. कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं झालं १९२८ साली. मरे १९१५ सालीच निवर्तले होते. पुरा झालेला कोश त्यांना पाहायला मिळाला नाही.

आता 'रन'च्या ६४५ अर्थांकडे वळू. घाबरू नका, सगळे सांगत नाही. हे अर्थ म्हणजे रानात वाटेल तसं उगवलेलं गवत नव्हे. एका झाडाला फांदी, फांदीला डहाळी, असा त्यांचा विस्तार आहे. फांद्या ओळखल्या, की झाड ओळखता येतं.

बुंधा म्हणजे पायांनी पळणं. माणूस पळतो, घोडा पळतो, ससा पळतो. आता पळण्यात दोन गोष्टी आल्या, वेग आणि न थांबता पुढं जाणं. पाण्यातही या दोन गोष्टी आहेत, म्हणून इंग्रजीत पाणीही 'रन' करतं. जुन्या काळापासून इंग्रजीत या शब्दाला पळणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ आहेत. नदी 'रन' करते, उघडा राहिलेला नळ 'रन' करतो, आणि सर्दी झाली की नाकही 'रन' करतं. लुगड्याचा कच्चा रंग धुताना पसरला, तर तो रंगही 'रन' झाला. मराठीत नदी वाहते, नाक वाहतं आणि रंग मात्र जातो किंवा लागतो. त्या मुलाचं 'पळणारं नाक' या दुसऱ्या फांदीवर बसलं होतं. त्याला फक्त पहिली फांदी दाखवली होती.

तिसरी फांदी रेषेची. रस्ता गावामधून 'रन' करतो, कुंपण बांधाच्या कडेनं 'रन' करतं, डोंगराची रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे 'रन' करते. इथं हलत काहीच नाही. रस्ता जागच्या जागी आहे. पण आपली नजर त्याच्यावरून पुढं पुढं जाते, म्हणून तो पळतो असं म्हणायचं. यात हसण्यासारखं काही नाही, कारण आपणही म्हणतो, 'हा रस्ता कुठं जातो?' रस्ता कुठंच जात नाही. जाणारे आपण असतो. सुताराचा 'रनिंग फूट' याच फांदीवरचा. रुंदी, जाडी बाजूला ठेवून सरळ लांबीच मोजायची, तो रनिंग फूट.

चौथी फांदी काळाची. एखादं नाटक शंभर दिवस 'रन' झालं, म्हणजे तेवढे दिवस त्याचे प्रयोग चालले. जमिनीचा करार पाच वर्षं 'रन' करतो, म्हणजे तेवढी त्याची मुदत. 'इन द लाँग रन' म्हणजे लांब पल्ल्याचा विचार केला तर, शेवटी.

पाचवी फांदी यंत्राची, आणि हिनं झाडाचा आकारच बदलून टाकला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडात वाफेची यंत्रं आली, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या. या सगळ्या नव्या वस्तूंच्या हालचालीला शब्द हवा होता. नवा शब्द घडवण्यापेक्षा लोकांनी घरातला जुनाच शब्द कामाला जुंपला. इंजिन 'रन' करू लागलं, गिरणी 'रन' करू लागली, दर तासाला गाडी 'रन' करू लागली. पुढे विसाव्या शतकात संगणक आला, तर त्याच्यातला कार्यक्रमही 'रन' होऊ लागला. आपली 'रनिंग कंडिशन'मधली मोटारसायकल याच फांदीवरून आपल्या गावात आली.

यंत्र जर 'रन' होतं, तर ते चालवणारा माणूस त्याला 'रन' करतो. तशीच शाळा, दुकान, खानावळ, सोसायटीसुद्धा कोणीतरी 'रन' करतो. ही सहावी फांदी, चालवण्याची. एखादी बाई दुकान 'रन' करते, म्हणजे ती दुकान घेऊन पळून जात नाही. ती ते चालवते.

इथं एक गंमत पाहा. इंग्रज जे जे पळवतो, ते ते आपण चालवतो. त्याचं यंत्र पळतं, आपलं चालतं. त्याचं दुकान पळतं, आपलं चालतं. आपल्याकडे शाळा चालते, संसार चालतो, घड्याळ चालतं, नाणं चालतं, आणि कोणी विचारलं, "चहा घेणार का?" तर आपण म्हणतो, "चालेल!" यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की इंग्रज घाईचे आणि आपण संथ. तसं काही नाही. इंग्रजांच्या शेजारचा फ्रेंच माणूसही यंत्राला आपल्यासारखं 'चालतं' असंच म्हणतो, आणि जर्मन माणूस इंग्रजांसारखा 'पळवतो'. प्रत्येक भाषेनं आपापली पाऊलवाट पाडली आहे, इतकंच. निवडणुकीचं उदाहरण घ्या. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्लंडातल्या रूढ भाषेत उमेदवार 'स्टँड' करतो, आणि आपला उमेदवारही निवडणुकीला उभाच राहतो. एकच इंग्रजी भाषा, पण एका देशात उमेदवार पळतो आणि दुसऱ्या देशात उभा राहतो! मग 'रन म्हणजे पळणे' हे पाठ करून अमेरिकेच्या निवडणुकीची बातमी कशी कळणार?

आता क्रिकेटच्या 'रन'कडे येऊ, कारण खेड्यातल्या मुलाला हाच अर्थ सर्वांत जवळचा. फलंदाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळतो, म्हणून तो 'रन'. पूर्वी इंग्लंडात धावांचा हिशेब ठेवायला काठीवर खाचा पाडीत, आणि धावेलाही 'खाच' अशा अर्थाचाच शब्द होता. पुढे 'रन' हा शब्द रुळला. पण षटकार मारला, की फलंदाज जागचा हलतसुद्धा नाही आणि त्याच्या नावावर सहा 'रन' मांडले जातात. म्हणजे पळणं गेलं आणि हिशेब तेवढा राहिला. शब्द आपल्या मूळ अर्थाला सोडून कसा पुढं निघून जातो, हे मुलाला दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

मराठीनं या खेळातले कितीतरी शब्द आपलेसे केले. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन करणारे बाळ ज. पंडित यांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे सांगायला नको. 'रन आउट'ला मराठीनं शब्द घेतला 'धावचीत'. धाव तर आहेच, पण 'चीत' हा शब्द आला तो कुस्तीच्या फडातून. तांबड्या मातीतला शब्द हिरवळीवर जाऊन बसला, आणि असा बसला की तो मुळापासून तिथलाच वाटावा.

परंतु हाच 'रन आउट' मैदान सोडून स्वयंपाकघरात आला, की त्याचा अर्थ साफ बदलतो. 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर धावचीत झाली नव्हे, साखर संपली! इथून 'रन'ची दुसरी तऱ्हा सुरू होते. त्याच्या मागं एखादा लहान शब्द येऊन बसतो आणि अर्थ भलतीकडे ओढून नेतो. 'रन अवे' म्हणजे पळून जाणं. 'रन ओव्हर' म्हणजे गाडी अंगावरून जाणं. 'रन इन्टू' म्हणजे एखाद्याशी अवचित गाठ पडणं, किंवा एखाद्या वस्तूवर जाऊन आदळणं. 'रन अप अ बिल' म्हणजे उधारी वाढवून ठेवणं.

हे पाहून मुलं म्हणतात, "इंग्रजी फार लहरी भाषा आहे." शिक्षकांनी त्यांना सांगावं, की बाबांनो, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. संस्कृतातून आलेला एक 'हार' घ्या. त्याच्यापुढं लहान उपसर्ग बसले, की काय काय होतं? आहार म्हणजे जेवण, विहार म्हणजे फिरणं, प्रहार म्हणजे घाव, संहार म्हणजे नाश, परिहार म्हणजे निवारण. आहार आणि प्रहार यांत किती अंतर! एक मिळाला तर पोट भरतं, दुसरा मिळाला तर डोकं फुटतं. आपल्याकडे हा लहान शब्द पुढं बसतो, इंग्रजीत मागं बसतो. फरक तेवढाच.

श्रोतेहो, ही गोष्ट शाळेपुरती असती, तर मी ती शिक्षकांच्या सभेतच सांगितली असती. पण तिचा संबंध तुमच्या शेताशीही आहे. विहिरीवर बसवायच्या पंपाच्या माहितीपत्रकात पुष्कळदा एक सूचना असते, 'डू नॉट रन ड्राय'. ज्याला 'रन म्हणजे पळणे' आणि 'ड्राय म्हणजे कोरडे' एवढंच ठाऊक, तो या चार शब्दांपुढं हात टेकतो. 'कोरडे पळू नका' म्हणजे काय करू नका? सूचनेचा अर्थ असा, की पंपात पाणी नसताना तो चालवू नका. पंपाच्या आतला सील पाण्यामुळेच थंड राहतो. पाण्यावाचून पंप फिरत राहिला, की तो तापतो, जळतो, आणि ऐन पिकाला पाणी देण्याच्या दिवसांत पंप दुरुस्तीला न्यावा लागतो. वहीत शब्द होते, पण अर्थ नव्हता, म्हणून एवढं नुकसान. घरातल्या शाळकरी मुलाला 'रन'ची यंत्राची फांदी ठाऊक असती, तर त्यानं बापाला ते वाचून सांगितलं असतं.

आणि पाहा, 'ड्राय' आणि 'रन' हे दोनच शब्द एकत्र आले, पण दुसऱ्या संगतीत आले, तर पुन्हा वेगळीच गोष्ट. २०२१ सालच्या जानेवारीत करोनाची लस टोचायला सुरुवात होण्यापूर्वी देशभर 'ड्राय रन' घेण्यात आला. आपल्या राज्यात २ जानेवारीला पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार या जिल्ह्यांत तो झाला. लस न टोचता बाकीची सगळी तयारी करून पाहायची, नोंद कशी होते, रांग कशी लागते, किती वेळ जातो ते तपासायचं, याला म्हणायचं ड्राय रन. यालाच आपल्याकडे सुंदर शब्द आहे, रंगीत तालीम. इंग्रजाची तालीम कोरडी आणि आपली रंगीत! एकाच कामाकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहिलं. पंपाच्या कागदावर जे करू नका म्हणून सांगितलं, तेच शब्द दवाखान्यात अवश्य करा म्हणून आले. संगत बदलली, अर्थ बदलला.

आता मला तुम्हाला एक छोटीशी हकिगत ऐकवायची आहे. ती नीट ऐका आणि तिच्यातलं एक क्रियापद मोजा. शाळा सुटली. पोराला भूक लागली. तो पळत निघाला, वाटेत ठेच लागली. घर लागलं तेव्हा दिवे लागले होते. भाकरी गोड लागली. जेवता जेवता त्याचा डोळा लागला. आजी म्हणाली, पोराला दृष्ट लागली. बाप म्हणू लागला, यंदा विहिरीला पाणी लागलं तर थोरलीचं लग्न लागेल. पण लग्नाला पैसे लागतात, आणि पैसे जमायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी थोरली मामाच्या गावी निघाली. स्टँडवर एस. टी. लागली, आणि घाटात तिला एस. टी. लागली.

किती झाले? 'लागणे' इतक्या वेळा आलं आणि जवळजवळ दर वेळी निराळं. तरी तुम्ही कुठं थांबलात का? लहान मूलसुद्धा थांबत नाही. आता कल्पना करा, एखादा इंग्रज माणूस मराठी शिकतो आहे आणि त्याच्या वहीत लिहिलं आहे, 'लागणे म्हणजे स्पर्श होणे'. 'घाटात मुलीला एस. टी. लागली' हे ऐकून तो बिचारा अपघात झाला असं समजून धावत सुटेल! आपण त्याला मूर्ख म्हणणार नाही. आपण म्हणू, "साहेब, तुमच्या वहीत अर्थ कमी लिहिला आहे." मग तोच न्याय नाक पळवणाऱ्या आपल्या मुलाला का नको?

मोलस्वर्थ नावाच्या इंग्रजानं मराठी शास्त्री-पंडितांच्या मदतीनं मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. म्हणजे ज्या साली लंडनमध्ये इंग्रजीच्या मोठ्या कोशाचा विचार सुरू झाला, त्याच साली इकडे मराठीचा हा थोर कोश दुसऱ्यांदा बाहेर पडत होता. आणि इंग्रजीचे पहिले मोठे कोशकार डॉक्टर जॉन्सन यांनी तर १७५५ सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत तक्रार केली होती, की ही लहान लहान क्रियापदं फार मेहनत करायला लावतात. त्यांनी दिलेल्या यादीत 'रन'ही आहे. जिथं जॉन्सन थकले, तिथं मुलांना छडी दाखवून काय उपयोग?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. म्हणजे सहा वर्षांचं मूल या भाषेला सामोरं जातं. तिच्याशी त्याची मैत्री जमणार की धास्ती बसणार, हे पुष्कळसं पहिल्या काही वर्षांत ठरतं. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, शब्द फळ्यावर एकटा लिहू नका. 'रन म्हणजे पळणे' याऐवजी 'द बॉय रन्स', 'द टॅप रन्स', 'द रोड रन्स', 'द पंप रन्स' अशी चार वाक्यं लिहा. बाजूला मराठी लिहा, मुलगा पळतो, नळ वाहतो, रस्ता जातो, पंप चालतो. चार वाक्यांत चार फांद्या दिसतील. ६४५ अर्थांची गरज नाही. सहा-सात ठाऊक असले, की बाकीचे मूल अंदाजानं पकडतं.

दुसरी गोष्ट, मुलांना अर्थ विचारण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा. इथं 'रन' कोण करतं आहे? माणूस, पाणी, रस्ता की यंत्र? आणि 'रन'च्या मागं कोण बसलं आहे? 'आउट', 'ओव्हर' की कोणीच नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं आली, की निम्मं कुलूप उघडलं म्हणून समजा.

तिसरी गोष्ट, वर्गात एक खोका ठेवा, मरे यांच्यासारखा. मुलांना सांगा, खताच्या पोत्यावर, औषधाच्या वेष्टनावर, पंपाच्या कागदावर, मोबाइलच्या पडद्यावर जिथं ओळखीचा इंग्रजी शब्द दिसेल, तिथलं सबंध वाक्य चिठ्ठीवर उतरवून आणा. आठवड्यातून एकदा खोका उघडा आणि एकसारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मुलांनाच लावू द्या. याला पैसा लागत नाही, पाठकोरे कागद पुरतात. वर्षअखेर मुलांनी स्वतः केलेला एक लहानसा कोश शाळेत तयार होईल, आणि तो गावाच्या कामाचा असेल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखादं मूल "नाक पळतं" म्हणालं, तर वर्गाला हसू द्या, पण त्या मुलाला बसवू नका. त्याला म्हणा, "शाबास, तू शब्द बरोबर ओळखलास, आता आपण आपल्या भाषेत नाक काय करतं, ते पाहू." तोच उत्तर देईल, "वाहतं." त्या एका क्षणात तो दोन भाषा शेजारी ठेवून पाहायला शिकला. पाठांतरानं हे साधत नाही.

ज्यांची शाळा केव्हाच सुटली, त्या श्रोत्यांनाही एक सांगणं आहे. इंग्रजीत लिहिलेली एखादी सूचना पुढं आली, तर संकोच करू नका. ओळखीच्या एका शब्दावर भरवसा ठेवून काम उरकू नका. सगळं वाक्य कोणाकडून तरी वाचून घ्या, घरातल्या मुलाकडून घेतलं तरी चालेल. त्याला येणार नाही कदाचित. मग तो ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून शाळेत नेईल आणि गुरुजींना विचारील. वाक्य त्यानं नेलं, शब्द नव्हे, म्हणजे अर्थ बरोबर घेऊनच तो परत येईल.